यांचा रंग की माझा?

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. दिवाळीआधी हॉल रंगवायचा आहे. आत्ता भिंती अबोली आहेत. फिकट निळसर राखाडी लावायचा यावर आमच्या घरात चक्क एकमत झालं, पण शेड कार्ड आणलं आणि गाडी दोन रंगांवर अडली. एक यांनी निवडला, एक मी. इंग्रजी नावं कुणाच्याच लक्षात राहत नाहीत, म्हणून घरात त्यांना 'यांचा' आणि 'माझा' असंच म्हणतो. दुकानदार म्हणतो, दोन्ही एकच आहेत, कुठलाही घ्या. पण भिंतीवर शेजारी शेजारी वीतभर पट्टे मारून पाहिले, तर दुपारी माझा हिरवट वाटतो आणि रात्री ट्यूब लावली की यांचा जांभळट. हॉलची खिडकी आणि गॅलरी उत्तरेला आहे, समोरच सोसायटीचं मोठं बदामाचं झाड. फरशी क्रीम, शोकेस सागवानी. आम्ही दोघं नोकरीवरून साडेसातला घरी येतो. सासूबाई दिवसभर घरी असतात. त्यांचं म्हणणं, राखाडी रंग कळकट दिसतो, लावूच नका. दोन्ही कार्डं आणि भिंतीचे फोटो पाठवते आहे. कोणता लावू?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमचे दुकानदार 'दोन्ही एकच' का म्हणाले ते मला कळतं. मीही नाशिकला रंगाच्या दुकानातच बसते. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत काउंटरवर अशी झुंबड असते की समोरचं गिऱ्हाईक दोन फिकट रंगांत अडकलं की माणूस काहीही बोलून त्याला मोकळं करतो. पण हे दोन रंग एक नाहीत.

तुम्ही पाठवलेली कार्डं पट्टीची आहेत, म्हणजे वर सगळ्यात फिकट आणि खाली खाली गडद होत जाणारी. तुम्ही दोघांनीही वरून दुसरा चौकोन निवडलाय. तिथे सगळेच निळसर राखाडी चुलतभाऊ दिसतात. आता अंगठ्याने वरचे चौकोन झाका आणि सगळ्यात खालचा बघा. यांच्या पट्टीच्या तळाशी जांभळाकडे झुकणारा निळा आहे. तुमच्या पट्टीच्या तळाशी मोरपंखाकडे झुकणारा. तुम्हाला दुपारी दिसलेला हिरवा आणि रात्री दिसलेला जांभळा कुठून आला, ते तिथेच दिसतं. मशीनवर असा रंग करताना पांढऱ्या बेसमध्ये थोडा काळा आणि थोडा निळा पडतो, आणि त्यांच्यासोबत किंचित तिसरं काहीतरी. ते तिसरं इतकं कमी असतं की फिकट चौकोनात ते वेगळं ओळखू येत नाही, पण चार भिंती रंगवल्या की तेच पुढे येतं. भिंती एकमेकींवर उजेड फेकतात, त्यामुळे खोलीत रंग कार्डापेक्षा नेहमी थोडा चढाच दिसतो. म्हणून कार्डावर 'जरासा हिरवट' वाटणारा रंग भिंतीवर जरासा राहत नाही.

तुमचे फोटो मी बघितले आणि बाजूला ठेवले. मोबाइलचा कॅमेरा पांढरं पांढरंच दिसावं म्हणून स्वतःच्या मनाने रंग सरकवत असतो. एकाच फोटोत अर्धी खिडकी आली तर भिंत निळी, ट्यूब आली तर वेगळीच. त्यावरून नवरा-बायकोचा निवाडा मी तरी करणार नाही.

फोटोतून एक गोष्ट मात्र नीट कळली. पट्टे तुम्ही थेट अबोली भिंतीवर मारलेत, एकाला एक चिकटवून. इथे एक जुनी हकिगत सांगते. पॅरिसला गोबलँ नावाचा राजघराण्याचा गालिचे आणि पडदे विणायचा कारखाना होता. तिथल्या रंगशाळेवर शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. विणकरांची तक्रार आली की निळ्या-जांभळ्या कापडावर विणायला दिलेला काळा धागा फिका पडतो, रंग नीट चढलेला नाही. शेव्रलनी तो काळा दुसरीकडच्या चांगल्या काळ्याशी ताडून पाहिला. धाग्यात काही खोट नव्हती. शेजारचा रंग त्याला बिघडवत होता. पुढे १८३९ मध्ये त्यांनी यावर जाडजूड ग्रंथच लिहिला. थोडक्यात काय, डोळा कुठलाही रंग एकटा बघत नाही. शेजारी जो असेल त्याच्या उलट बाजूला तो याला ढकलतो. तुमच्या अबोलीत केशरी आहे, म्हणून तिच्यावर मारलेला कुठलाही राखाडी असेल त्यापेक्षा निळा दिसणार. आणि दोन पट्टे खेटून मारले, की यांचा जास्त जांभळा आणि तुमचा जास्त हिरवा दिसणार. म्हणजे तुम्ही दोन रंगांची तुलना केली नाहीत, त्यांची भांडणं लावून दिलीत. भरीला पट्टा एका हाताचाच दिसतोय, कडेला खालची अबोली डोकावते आहे.

तेव्हा हे करा. स्टेशनरीच्या दुकानातून जाड पांढऱ्या कार्डशीटचे दोन मोठे कागद आणा. प्रत्येकावर एकच रंग, दोन हात, आणि चारी बाजूंना चार बोटं पांढरी कड सोडा. एक रात्र वाळू द्या. पाण्यातला रंग ओला असताना फिका दिसतो आणि वाळल्यावर चढतो, म्हणून ओल्या रंगावर मत देऊ नका. मग एका वेळी एकच कागद भिंतीला चिकटवा: खिडकीसमोरच्या भिंतीवर, खिडकीच्या बाजूच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, शोकेसला लागून, आणि एकदा खाली फरशीला टेकवून. फरशीजवळचा अर्धा फूट कुणीच बघत नाही, पण क्रीम टाइलचा पिवळा उजेड तिथेच भिंतीवर चढतो.

सॅम्पलबद्दल दुकानाच्या आतली एक गोष्ट. एवढ्या फिकट शेडचा अगदी छोटा डबा करून घेतला, तर त्यात पडणारा तिसरा रंग थेंबांत मोजावा लागतो, आणि मशीनच्या थेंबालाही मर्यादा असते. लहान डब्यात थेंबभर इकडेतिकडे झालं तर रंग बदलतो. वीस लिटरच्या बादलीत तेवढं कळतसुद्धा नाही. म्हणून सॅम्पल घ्यायचंच तर एक लिटरचं घ्या. उरलेला रंग वाया जात नाही, गॅलरीच्या आतल्या पट्टीला होतो.

आता निवाडा. तुम्ही लिहिलंय की दोघं साडेसातनंतर घरी असता. बहुतेक लोक सांगतील, मग रात्री चांगला दिसतो तो लावा, म्हणजे तुमचा. मी उलट सांगणार आहे, आणि पुढचं वाक्य यजमानांना लगेच वाचून दाखवायची गरज नाही. यांचा लावा.

कारण असं. रात्रीचा उजेड तुमच्या हातात आहे. ट्यूब बदलली की तो बदलतो, अर्ध्या तासाचं काम. दिवसाचा उजेड तुमच्या हातात नाही. तो खिडकीची दिशा आणि सोसायटीचं बदामाचं झाड ठरवणार, आणि ते झाड तुम्ही काही तोडणार नाही (तोडूही नका). बदामाची पानं वीतभर मोठी आणि गर्द असतात. त्यांच्यातून गाळून आणि त्यांच्यावर आपटून येणारा उजेड हिरवा असतो. तुमच्या रंगात हिरवा आधीच बसलेला आहे, त्यात हा बाहेरचा मिळाला की दुपारी भिंत जुन्या सरकारी दवाखान्यासारखी दिसायला लागते. यांच्या रंगातल्या जांभळ्याला मात्र तोच हिरवा उजेड मारतो, आणि उरतो तो तुम्हाला दोघांनाही हवा असलेला शांत निळसर राखाडी. उन्हाळ्याच्या तोंडावर बदामाची पानं लाल होऊन गळतात, तेव्हा काही आठवडे भिंत थोडी निळी वाटेल. तेवढं चालतं.

उत्तरेच्या खिडकीबद्दल इंटरनेटवर वाचून घाबरू नका. 'उत्तरेच्या खोलीत ऊन कधीच येत नाही, निळा लावलात तर बर्फाची गुहा होईल' हे थंड देशांतल्या लोकांनी आपल्यापुरतं लिहिलेलं असतं. आपल्याकडे मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत भरदुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळची तिरपी उन्हं उत्तरेच्या खिडकीतून आत येतात. आपल्या उकाड्यात निळसर भिंत बरीच वाटते.

तुम्ही पट्टे पावसाळ्यात मारलेत हेही विसरू नका. ढगातून येणारा उजेड मिळमिळीत असतो, त्यात सगळेच राखाडी मरगळलेले दिसतात. कार्डशीटचे कागद गणपती उठल्यावर, एखाद्या स्वच्छ उन्हाच्या दिवशी पुन्हा लावून बघा.

आता रात्रीचा बंदोबस्त. तुमच्या ट्यूबच्या खोक्यावर बहुतेक ६५०० केल्विन लिहिलेलं असेल. केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा लहान तितका उजेड पिवळा, मोठा तितका निळसर. आपल्याकडे 'पांढरी ट्यूब द्या' म्हटलं की हीच हातात पडते. एलईडीच्या आत मुळात निळा दिवा असतो आणि त्यावरच्या पिवळ्या लेपामुळे उजेड पांढरा होतो. ६५०० च्या ट्यूबमध्ये त्या निळ्याचा वाटा जास्त राहतो, आणि यांचा रंग तेवढा जांभळा होतो. ४००० केल्विनची ट्यूब घ्या, दुकानात तिला 'नॅचरल व्हाइट' म्हणतात. ३००० च्या पिवळ्या दिव्यापर्यंत जाऊ नका. त्यात निळा पार मरतो, आणि मग सासूबाई म्हणतात तसा कळकट रंगच दिसेल. खोक्यावर सीआरआय नावाचा आकडाही असतो. ८० नेहमीचा, ९० मिळाला तर रंग खरे दिसतात. हॉलमधले सगळे दिवे एकाच केल्विनचे हवेत. टीव्हीवर पिवळा आणि मध्ये पांढरा असं झालं तर एकाच भिंतीचे दोन रंग दिसतील, आणि तुम्ही पुन्हा मला पत्र लिहाल.

सासूबाईंकडे वळते, कारण या खोलीत दिवसाउजेडी बसणाऱ्या त्या एकट्याच आहेत. भिंत सगळ्यात जास्त त्याच बघणार. त्यांना शेड कार्डावरचा इंचभर चौकोन दाखवू नका, आणि 'ग्रे' तर म्हणूच नका. दुपारी तीनला त्या जिथे बसतात, तिथून दिसेल असा कार्डशीटचा कागद समोर लावा. त्यांच्या माहेरी चुन्यात निळीची पुरचुंडी पिळून भिंती सारवल्या असतील, तर त्या ओळखतील. चुन्याचा पिवळेपणा मारायला टाकलेली ती नीळ, आणि दोन पावसाळ्यांनंतर भिंतीवर उरणारा रंग याच घराण्यातला. कळकट दिसतो तो राखाडी नव्हे, अंधाऱ्या खोलीतला गडद राखाडी. शेड बुकमध्ये किंवा कंपनीच्या साइटवर एलआरव्ही नावाचा आकडा असतो. शून्य म्हणजे काळाकुट्ट, शंभर म्हणजे सगळा उजेड परत फेकणारा पांढरा. झाडाच्या सावलीतल्या तुमच्या हॉलला ६० च्या खाली जाऊ नका. यांचा रंग त्याच्या वर असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर त्याच पट्टीतला सगळ्यात वरचा चौकोन घ्या, पट्टी बदलू नका. एवढं करूनही सासूबाईंनी नाही म्हटलं, तर त्यांचं ऐका. पाच-सहा वर्षं दिवसभर न आवडणाऱ्या भिंतीकडे बघायला लावण्याइतका कुठलाच रंग सुंदर नसतो.

'एक भिंत यांची आणि तीन माझ्या' असा तह करायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा. एकमेकांपासून जरासेच वेगळे रंग एका खोलीत लावले तर बघणाऱ्याला वाटतं, डबा कमी पडला आणि दुसऱ्या दुकानातून आणला. वेगळं करायचं तर ठळक वेगळं करा. तुमचा मोरपंखी बाजूचा रंग मला आवडला आहे. तो बेडरूमला लावा, पण हॉलमधून तिथली भिंत दिसत नसेल तरच.

पेंटरशी बोलताना थोडी खबरदारी. अबोलीवर आधी पांढऱ्या प्रायमरचा एक हात मारायला लावा. 'दोन हातांत झाकून जातं ताई' असं तो म्हणेल. झाकून जातं, पण खालचा केशरी वरच्या निळ्याला मळवतो. जिथे पुट्टी भराल तिथेही प्रायमर हवाच, नाहीतर पुट्टी रंग ओढून घेते आणि ट्यूबच्या उजेडात ठिगळं दिसतात. त्याच कारणाने या रंगाला फार चमक देऊ नका. पंधरा-वीस वर्षांच्या इमारतीतल्या भिंती सरळ नसतात, आणि चकचकीत फिनिशमध्ये प्रत्येक लाट दिसते. धुता येईल असं मॅट किंवा अगदी मंद चमकेचं घ्या.

डबे किती? दहा बाय पंधराचा हॉल धरला तर दारं-खिडक्या वजा जाता साधारण ४०० चौरस फूट भिंत होते. दोन हातांना लिटरमागे ६०-६५ चौरस फूट धरा, म्हणजे साडेसहा लिटरच्या आसपास. चार लिटरचा एक घेऊन मग एकेक लिटर आणत बसू नका. दहा लिटरची एकच बादली टिंट करून घ्या, उरलेल्यात पॅसेज होतो. दोन डबे घ्यायची वेळ आलीच तर सुरू करण्याआधी दोन्ही एका मोठ्या बादलीत ओतून ढवळून घ्या. झाकणावर टिंटचं जे स्टिकर असतं त्याचा फोटो काढून ठेवा. दोन वर्षांनी खिळा ठोकताना भिंतीचा टवका उडेल, तेव्हा तोच उपयोगी पडेल.

आणि चौकटी. बऱ्याच घरांत दाराच्या चौकटींना पांढरा ऑइल पेंट असतो, तो काही वर्षांत पिवळा पडतो. अबोलीशेजारी ते कुणाला कळलं नसेल. निळसर राखाडीशेजारी ती चौकट जुन्या दातासारखी दिसेल. चौकटी आणि छत त्याच वेळी पांढरे करून घ्या. चौकटींना पाण्यातला इनॅमल मिळतो, तो असा पिवळा पडत नाही. सागवानी शोकेसला हात लावू नका. लाकडाच्या केशरी झाकेशेजारी यांचा रंग खुलेल.

पितृपक्ष संपला की पेंटर हाताला लागत नाहीत. आत्ताच सांगून ठेवा.

---

प्रश्न : आमच्या बेडरूमची एक भिंत ओलीमुळे खराब झाली. मूळ रंग फिकट निळसर राखाडी. दुसऱ्या कंपनीत स्वस्त पडतो म्हणून त्या दुकानात पोपडा नेला, त्यांनी मशीनने मॅच करून दिला. दुकानात हुबेहूब होता, घरी लावला तर भिंत वेगळी दिसते, तीही फक्त संध्याकाळी. फसवलं का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नाही. दोन कंपन्यांचे मूळ रंग वेगळे असतात. एकीचा राखाडी काळ्या-निळ्यातून येतो, दुसरीचा काळा, निळा आणि मातकट पिवळ्यातून. एका उजेडात दोन्ही सारखे दिसतात, उजेड बदलला की फुटतात. गडद लालमध्ये हे सहज खपून जातं, अशा मधल्या, ना निळ्या ना राखाडी रंगात लगेच दिसतं. बाकीच्या तीन भिंतींना हा नवा रंग लावणं, किंवा या भिंतीला जुन्या कंपनीचा जुना कोड मारणं, एवढेच दोन उपाय आहेत. दुसरा स्वस्त पडेल. पण जुना कोड असला तरी जुनी भिंत आता तितकी जुनी झालेली आहे, तेव्हा मध्येच ठिगळ न लावता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत रंगवा. कोपऱ्यात उजेडाची दिशा बदलते, तिथे एवढा तेवढा फरक कुणाला दिसत नाही. आणि त्याआधी ओल कुठून येते ते शोधा. बाथरूमच्या मागची भिंत असेल तर प्लंबर आधी, पेंटर नंतर.

---

प्रश्न : वायव्येच्या खोलीला राखाडी रंग चालतो का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : वायव्येला दुपारनंतरचं ऊन भरपूर येतं, म्हणून चालतो. संध्याकाळच्या पिवळ्या उन्हात निळसर राखाडी अर्धाअधिक साधा राखाडी होईल, तेव्हा कार्डावर वाटेल त्यापेक्षा थोडा जास्त निळा असलेला निवडा. तुम्हाला वास्तुशास्त्राचं विचारायचं होतं असा संशय येतोय. त्यासाठी पंचांगवाल्यांना विचारा, माझ्याकडे फक्त रंग आहे.